घोड्याच्या दमावर आखलेली सराई: माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न कशी चालायची

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, युनियनटाउनच्या पूर्वेला सुमारे ११ मैलांवर, महामार्ग क्रमांक ४० च्या कडेला एका टेकाडावर विटांचं जुनं घर उभं आहे. दोन मजले, वर पोटमाळा, मधोमध दार, दाराच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर खिडक्या, दोन्ही टोकांना धुराडी. हे माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न. नथॅनियल युइंग नावाच्या न्यायाधीशाने ते १८२८ च्या सुमारास बांधून घेतलं. आज ते फोर्ट नेसेसिटी या राष्ट्रीय स्मारकाच्या आवारात संग्रहालय म्हणून सांभाळलं आहे.

टॅव्हर्न म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुत्ता येतो. त्या काळी या एका शब्दात खाणावळ, मुक्कामाच्या खोल्या, घोडे बदलायची पागा आणि गावगप्पांचा पार असं सगळंच मावायचं. मराठीत सराई हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. धर्मशाळा म्हणता येणार नाही, कारण इथे चुलीच्या उबेपासून घोड्याच्या चंदीपर्यंत सगळं धंद्याच्या हिशोबात होतं.

ही सराई समजून घ्यायची तर आधी दोन प्रश्न सोडवावे लागतात: ती नेमकी तिथेच का, आणि तिच्या खोल्या अशाच का? पहिल्याचं उत्तर घोड्याच्या छातीत आहे, दुसऱ्याचं प्रवाशाच्या खिशात. पण त्याआधी रस्ता.

रस्ता आधी, टोल नंतर

‘टर्नपाइक’ म्हणजे टोलचा रस्ता. वाटेवर आडवा दांडा किंवा टोकदार भाल्यांचं फाटक, पैसे दिले की ते बाजूला फिरवायचं. फिरवायचा भाला, म्हणून टर्न-पाइक. पुढे नुसतं ‘पाइक’ म्हटलं तरी हमरस्ता असा अर्थ झाला.

माउंट वॉशिंग्टन ज्या रस्त्यावर आहे त्याला लोक सर्रास ‘नॅशनल पाइक’ म्हणत. गंमत अशी, की सराई बांधली तेव्हा तिथे टोलच नव्हता. रस्ता केंद्र सरकारने बांधलेला. अध्यक्ष जेफरसन यांनी १८०६ मध्ये कायद्यावर सही केली, १८११ मध्ये मेरीलँडमधल्या कंबरलँडहून काम सुरू झालं आणि १८१८ मध्ये रस्ता ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगला पोचला. अंतर सुमारे १३० मैल, बहुतेक सगळं डोंगराळ. अटलांटिक किनारा आणि पश्चिमेकडचा नवा मुलूख यांच्यामध्ये ॲपलेशियन डोंगररांग आडवी पडली होती, तिच्यावरून चाकांची गाडी नेता यावी एवढाच हेतू.

कंत्राटाच्या अटी काटेकोर होत्या. ६६ फूट रुंदीचा पट्टा झाडं तोडून मोकळा करायचा, त्यात मधे २० फूट दगडी रस्ता. दगडाचा थर कडेला १२ इंच, मध्यभागी १८, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरेल. खालच्या थरातला दगड ७ इंच व्यासाच्या लोखंडी कड्यातून जायला हवा, वरच्या थरातला ३ इंचांच्या कड्यातून. मुकादम कडं हातात घेऊनच दगड तपासायचा.

तरी रस्ता खचला. लोखंडी धावेची चाकं वरची खडी चिरडून बाजूला सारतात. मग खालचे मोठे दगड उघडे पडतात, त्यांच्या फटींत पाणी साचतं, हिवाळ्यात त्याचं बर्फ होऊन फुगतं आणि दगड वर ढकलला जातो. एकदा मोठा दगड वर आला की प्रत्येक चाक त्याच्यावरून उडी मारून पुढे आपटतं आणि तिथे खड्डा पडतो. डोंगर उतरताना गाडीवान मागचं चाक साखळीने जखडायचे. न फिरणारं चाक नांगरासारखं रस्ता उकरत जातं. १८२० च्या दशकात जागोजागी अशा चाकोऱ्या पडल्या.

दुरुस्तीला पैसा हवा, पैशासाठी टोल हवा. संसदेने १८२२ मध्ये तसं विधेयक मंजूर केलं, पण अध्यक्ष मन्रो यांनी ते नाकारलं: राज्यांच्या हद्दीत टोलनाके चालवण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेला नाही. शेवटी रस्ता त्या-त्या राज्यांच्या ताब्यात द्यायचं ठरलं. पेनसिल्व्हेनियाने अट घातली, आधी नीट करून द्या, मग घेतो. मॅकॅडम पद्धतीने, म्हणजे बारीक फोडलेल्या टोकदार खडीचे थर एकमेकांत दाबून, रस्ता पुन्हा बांधला गेला आणि १८३५ मध्ये राज्याने तिथे सहा टोलनाके उभे केले. त्यांपैकी सीराइट्स आणि ॲडिसन इथली बहुकोनी नाकाघरं अजून उभी आहेत. भिंतीला अनेक कोन, कारण रखवालदाराला आतूनच दोन्ही दिशांचा रस्ता दिसायला हवा.

दरपत्रक वाचण्यासारखं आहे. वीस मेंढ्या किंवा डुकरं, ६ सेंट. वीस गुरं, १२ सेंट. घोडेस्वार ४ सेंट. दोन घोड्यांची चारचाकी प्रवासी गाडी १२, चार घोड्यांची १८. खरी मेख मालगाडीच्या कलमात आहे. तिथे दर चाकाच्या रुंदीवर ठरतो: अडीच ते चार इंच रुंदीच्या चाकाला ४ सेंट, चार ते पाच इंचांना ३, सहा ते आठ इंचांना २, आणि आठ इंचांहून रुंद असेल तर माफ! अरुंद चाक रस्ता कापतं, रुंद चाक रोलरसारखा दाबून देतं. रस्ता जितका बिघडवाल तितके पैसे द्या, इतका सरळ हिशोब आजच्या टोलमध्येही सापडणं कठीण.

टपालाच्या गाड्यांना टोल माफ होता. मग गाडीवाल्या कंपन्यांनी एकेक टपालथैली वेगवेगळ्या प्रवासी गाड्यांत ठेवून सगळ्याच गाड्या ‘टपालाच्या’ केल्याचा वाद पेटला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८४५ च्या ‘सीराइट विरुद्ध स्टोक्स’ या निकालाने टपाल वाहणाऱ्या गाडीवर राज्याला टोल लावता येणार नाही असं ठरवलं, मात्र गरज नसताना थैल्या वाटून सूट लाटायची नाही असंही बजावलं. यातले विल्यम सीराइट या रस्त्याचे आयुक्त, आणि स्वतः एका सराईचे मालक.

टप्पा किती मैलांचा?

आता घोडा. भरलेली गाडी ओढत चार घोड्यांची जोडणी दुडक्या चालीने साधारण १० ते १२ मैल जाते. त्यापुढे ताणलं तर घोडा धापा टाकतो, घामाने निथळतो, आणि असंच रोज केलं तर काही महिन्यांत निकामी होतो. म्हणून दर १०-१२ मैलांवर ताजे घोडे तयार ठेवायचे आणि दमलेले सोडवायचे. आपल्याकडे डाकेचे टप्पे असत, तोच प्रकार. युनियनटाउनपासून माउंट वॉशिंग्टन ११ मैलांवर का, याचं उत्तर इथे मिळतं. त्यात पुन्हा हे ११ मैल चेस्टनट रिज या डोंगराच्या चढाचे. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीला पुढे लॉरेल हिल चढायचा, म्हणजे दोन घाटांच्या मधल्या खोलगटात ताजा दम मिळण्याची ही जागा.

कंबरलँड ते व्हीलिंग १३० मैल, १२ मैलांचा एक टप्पा धरला तर ११ टप्पे. दर टप्प्याला चार घोडे म्हटलं तरी एका गाडीच्या एका फेरीमागे ४४ घोडे राबतात. एवढ्या तयारीवर प्रवासी गाडी दिवसाला ६० ते ७० मैल मारायची.

पागेचा खर्च खोलीभाड्यापेक्षा मोठा असतो, हे लगेच लक्षात येत नाही. कामाच्या घोड्याला दिवसाला अंदाजे १० किलो गवत, चार-पाच किलो ओट्सची चंदी आणि ३० ते ४० लिटर पाणी लागतं. समजा पागेत बारा घोडे आहेत. रोज १२० किलो गवत, वर्षाला जवळजवळ ४४ टन. शिवाय रोजची दोन-अडीचशे किलो लीद उचलायची. म्हणून सराईवाल्याकडे जमीन हवी, जवळ झरा हवा, गवत कोरडं राहील असा माळा हवा. भिजलेलं गवत बुरसतं, आणि बुरशीच्या गवताने घोड्याला खोकला आणि पोटशूळ होतो. धावून गरम झालेल्या घोड्याने भसाभस गार पाणी प्यायलं आणि तो तसाच उभा राहिला तरी पोटात दुखतं असा समज होता, म्हणून मोतद्दार त्याला आधी हळूहळू फिरवायचा, घोट-घोट पाणी द्यायचा, अंग पुसायचा. ताजे घोडे मात्र साज चढवून आधीच तयार असत. गाडी थांबली की पट्टे सोडायचे, जुनी जोडणी पुढे काढायची, नवी मागे घ्यायची, वादी अडकवायच्या. सरावलेल्या माणसांना हे काही मिनिटांचं काम. प्रवाशाच्या पानात काय पडलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

१८४० मध्ये ही सराई जेम्स सॅम्पी यांनी विकत घेतली. ‘गुड इंटेंट’ नावाच्या गाडी-कंपनीचा इथे थांबा होता. अशा कंपनीशी संधान म्हणजे बांधलेलं गिऱ्हाईक: गाडी रोज येणार, माणसं रोज उतरणार.

तुम्ही कशातून आलात?

या रस्त्यावर सराया दोन-चार नव्हत्या, मैला-मैलावर होत्या. पण त्यांची गिऱ्हाइकं वेगळी. गाडीच्या प्रवाशांची सराई वेगळी, मालवाहू गाड्यांचा अड्डा वेगळा, गुरं-डुकरं हाकत नेणाऱ्यांची उतरायची जागा तर अजूनच वेगळी, कारण तिला कुंपणाचं रान लागायचं.

मालवाहू गाडी म्हणजे कॉनेस्टोगा. तिच्या तळाचा बाक होडीसारखा, दोन्ही टोकं उचललेली, त्यामुळे चढ-उतारावर माल मध्याकडे सरकतो आणि मागची फळी फुटत नाही. वर पांढरं कापड, पुढे सहा घोडे, पोटात तीन-चार टन माल, दिवसाची चाल १५ मैल. मागच्या आसाला पाइनच्या डांबराची बादली लटकत असे. आसाला वंगण कमी पडलं की लाकूड तापून धुरायला लागतं. हिवाळ्यात घाट उतरताना नुसतं चाक जखडून भागत नाही, गुळगुळीत लोखंडी धाव बर्फावरून घसरतच जाते. म्हणून धावेला जिथे बर्फ लागतं तिथे जाड साखळी गुंडाळायची, तिच्या कड्या बर्फात रुततात.

हा गाडीवान संध्याकाळी अड्ड्यावर आला की घोडे पागेत नेत नसे. गाडीच्या लांब दांडीवर चंदीचं कुंड बसवायचं आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन घोडे बांधायचे. रात्र उघड्यावरच, थंडीतसुद्धा. स्वतः गुंडाळी केलेलं अंथरूण बारच्या खोलीत जमिनीवर पसरून, पाय शेकोटीकडे करून झोपायचा. अशा वीस-वीस माणसांचा चक्राकार पसारा पडायचा म्हणे. पश्चिम पेनसिल्व्हेनियात दगडी कोळसा मुबलक, त्यामुळे रात्रभर शेगडी धगधगत ठेवणं परवडायचं.

माउंट वॉशिंग्टन मात्र गाडीच्या प्रवाशांसाठी होतं, आणि ते त्याच्या खोल्यांवरून कळतं. आत शिरलं की मधे सरळ मागे जाणारा बोळ आहे. खालच्या मजल्यावर बारची खोली वेगळी, बैठकीची वेगळी. बारमध्ये पुरुषांची गर्दी, तंबाखू, चिखलाचे बूट, राजकारण. बैठकीच्या खोलीत स्त्रिया आणि कुटुंबं, गालिचा, बरी खुर्ची. जेवणाची खोली आणि स्वयंपाकघरही खालीच, वर झोपायच्या खोल्या. दोन घरांतला फरक, म्हणजे अड्डा की प्रवाशांची सराई, ओळखायचा असेल तर हीच खूण पकडायची: बैठकीची वेगळी खोली आहे का? अड्ड्यावर ती सहसा नसायची, तिच्या जागी मोठं अंगण असायचं.

त्या काळच्या बारचा ओटा जरूर निरखून पाहावा. तो कोपऱ्यात पिंजऱ्यासारखा असतो. ओट्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी वर उचलून ठेवलेली, रात्री किंवा मालक पागेत गेला की ती खाली सोडून कुलूप घालायचं. बाटल्या आत, माणसं बाहेर. एकाच माणसाने दारू ओतायची, हिशोब लिहायचा आणि गाडी आली की बाहेर धावायचं, तर ही जाळी हवीच.

वरच्या खोल्यांत आजच्या पाहुण्याची मात्र पंचाईत होईल. भाडं खोलीचं नसायचं, झोपायच्या जागेचं असायचं. एका पलंगावर दोन-तीन अनोळखी माणसं झोपणं नेहमीचंच. पलंग आपल्या बाजेच्या जातीचा: लाकडी चौकट, तिच्या भोकांतून ओवलेले दोर, वर पेंढ्याची किंवा पिसांची गादी. दोर सैल पडले की मधे झोळ येतो आणि दोन्ही कडेची माणसं झोपेत मध्यावर घरंगळतात. मग लाकडी फिरकीने एकेक दोर पिळून ताणायचा आणि सुटू नये म्हणून भोकात खुंटी ठोकायची. बाज विणलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जेवण प्रवाशांना बसल्या बैठकीला एकत्रच वाढायचं, कारण गाडीची वेळ सगळ्यांची एक. हॅम, बकव्हीटच्या पिठाचे धिरड्यासारखे केक, कॉफी, असा भरभक्कम नाश्ता. स्वयंपाक उघड्या चुलाण्यावर, भिंतीतून फिरणाऱ्या लोखंडी दांड्याला भांडी टांगून. दांडा बाहेर ओढला की भांडं विस्तवापासून दूर येतं. आच कमी-जास्त करण्याची हीच युक्ती.

प्रवासी इतके का घाईला येत, ते गाडीत डोकावलं तर कळतं. आत तीन बाकं, प्रत्येकावर तिघे. मधल्या बाकाला पाठ नाही, नुसता चामड्याचा पट्टा. गाडीचा सांगाडा चामड्याच्या जाड पट्ट्यांवर तोललेला, म्हणून तो हादरण्यापेक्षा हेलकावतो, होडीसारखा. पोट ढवळलेल्या माणसाला भूक लागेल की नाही हा प्रश्नच, पण ११ मैल मागे आणि ११ मैल पुढे असताना जमीन पायाखाली आली याचाच आनंद.

वॉशिंग्टन इथे झोपला होता का?

नाही. जुन्या सरायांबद्दल अमेरिकेत ही थाप पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले आणि हे घर १८२८ च्या सुमारचं. नाव मात्र फुकटचं नाही. याच टेकाडाखालच्या कुरणात ३ जुलै १७५४ रोजी तरुण वॉशिंग्टनने फोर्ट नेसेसिटी या तात्पुरत्या लाकडी कोटात फ्रेंच आणि त्यांच्या आदिवासी मित्रांपुढे शरणागती पत्करली, वॉशिंग्टन यांच्या आयुष्यातली एकमेव. पुढे त्यांनी ही जमीन विकत घेतली आणि मरेपर्यंत स्वतःकडे ठेवली. सराईचं नाव ठेवताना युइंग यांना जाहिरात शोधायची गरज पडली नाही.

अशी घरं कशाने बिघडतात

त्या काळच्या विटा मंद भाजलेल्या, मऊ. त्या चुन्याच्या दरजांत (विटांमधल्या सांध्यांत) बसवलेल्या, साधारण एक भाग चुना, अडीच-तीन भाग वाळू. चुना विटेपेक्षा मऊ असतो आणि भिंतीतला ओलावा त्याच्यातून बाहेर पडतो. पुढच्या काळात कोणीतरी दरजा उकरून सिमेंट भरतं, भिंत मजबूत झाली म्हणून खूश होतं. सिमेंट पाणी अडवतं. अडलेलं पाणी विटेत शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा पापुद्रा सुटतो. मग दरजा शाबूत, वीट झिजलेली, अशी भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसायला लागते. आपल्याकडे बर्फ नाही, पण चुन्यातल्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा मारला की क्षार आणि ओल विटेतच कोंडतात, तेव्हा रोग तोच. इलाज एकच: सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं, यंत्राने नाही, आणि जुन्या मिश्रणाशी जुळणारा चुना भरायचा. घाईने वाळवायचा नाही, काही दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवायचं.

सराई कधी थांबली

बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोचली. यामुळे रस्ता लगेच ओस पडला नाही, उलट १८४० चं दशक त्याच्या भरभराटीचं ठरलं. रेल्वेने आणलेले प्रवासी कंबरलँडला उतरून पुढे पश्चिमेला घोडागाडीनेच जायचे. जेम्स सॅम्पी १८४४ मध्ये वारले, तरी त्यांच्या घरच्यांनी धंदा नेटाने चालवला. मग रूळ डोंगर ओलांडून पुढे सरकले. १८५२ च्या अखेरीस रेल्वे थेट व्हीलिंगला भिडली, तेव्हा रस्त्यावरची लांब पल्ल्याची गाडी संपली. १८५५ मध्ये दुसरी रेल्वे युनियनटाउनजवळच्या कॉनेल्सव्हिलला आली आणि त्याच वर्षी सॅम्पी कुटुंबाने सराई सोडली.

घर फेझनबेकर कुटुंबाने घेतलं. पुढची सुमारे ७५ वर्षं ते एका कुटुंबाचं राहतं घर होतं, आणि १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने ते विकत घेतलं. सराई म्हणून ते जेमतेम २७ वर्षं चाललं, घर म्हणून त्याच्या जवळजवळ तिप्पट. रस्त्याच्या कडेला बिडाचे मैलदगड मात्र १८३५ पासूनचे आहेत, आणि त्यांच्यावर कंबरलँड आणि व्हीलिंग अजून तितक्याच मैलांवर आहेत.